पाच पुढे, दोन मागे

मागे दोन, मधे तीन आणि पुढे पाच. गोलकीपर सोडून उरलेली दहा माणसं मैदानात अशी मांडायची, हे मला कैलासभाईने शिकवलं. कैलासभाई ओडिशाकडचा, आमच्या खात्यात जॉबर होता. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात आणि साचा, म्हणजे लूम, बिघडला की तो चालू करून देतो तो जॉबर. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने फरशीवर रिकाम्या बॉबिनी उभ्या केल्या आणि म्हणाला, "ये पुराना खेल है, सुपडू. अब कोई नहीं खेलता. इसमें पीछे खाली रह जाता है." मी विचारलं, और आगे? तो हसला. "आगे तो आँधी है." मला ती आंधी तिथल्या तिथे आवडली. मागे रिकामं राहतं हे त्याने आधी सांगितलं होतं, पण ते मी आजवर कोणाला बोललो नाही. आमच्या टीमच्या पोरांना मी फक्त आंधीचं सांगितलं.

माझं शिक्षण चौथी. पण फुटबॉलची ती मांडणी मला अशी समजली की तिच्यावर मी आजही कोणाशीही भांडेन. कडेचे दोघे रेषेला चिकटून पळायचे, समोरच्यांचे मागचे गडी दोन्हीकडे ओढून न्यायचे, आणि मधे जी भेग पडेल तिच्यात आतले तिघे घुसायचे. बॉल आपल्याकडे असेपर्यंत समोरच्याला श्वास घ्यायला जागा नाही. बॉल गेला तर? तर मागच्या दोघांनी पळत मागे यायचं नाही. उलट पुढे यायचं. दोघांनी एकदम, एका पावलावर. मग समोरचा जो गडी आपल्या गोलजवळ फुकटचा उभा असेल तो आपोआप ऑफसाइड. आमच्यात कोणी असा खेळ पाहिलेला नव्हता. मागच्यांनी पुढे पळायचं म्हटल्यावर रामदास म्हणाला, "सुपडू, हा पळून जाण्याचा उलटा प्रकार आहे." पण जमलं. रामदास आणि माझा मोठा भाऊ नाना, हे दोघे मागे. मी मधल्या तिघांतला मधला. बॉल गेला की मी मागे वळून हात वर करायचो, पंजा उघडा, आणि दोघे एकदम निघायचे.

हात का वर करायचो, ओरडत का नव्हतो, हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. आम्हाला नाही वाटलं. खात्यात शंभर साचे एकदम चालतात तिथे तोंडाने कोणी बोलत नाही. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, तुझ्या गावाहून माणूस आला, सगळं हाताने आणि ओठांनी. बारा तासांची पाळी करून आम्ही गोडादऱ्याच्या खोलीवर यायचो तरी कानात तो खडखडाट चालूच असायचा. माय म्हणायची, तुम्ही दोघं घरात आलात की घर हलतं. एकच खोली, वर पत्रा, दाराशी मोरी. वडील गावीच वारले, आम्ही लहान असताना. नाना चौदाव्या वर्षी अमळनेरकडून एकटा सुरतेला आला, साच्यावर लागला, आणि मग चार वर्षांनी मायला आणि मला घेऊन आला. मला पहिला बूट त्याने घेऊन दिला. खेळायला जायची परवानगीही मायकडून त्यानेच काढून दिली, आणि माय म्हणाली, जा, पण नाना सोबत असेल तर. म्हणून नाना टीममध्ये आला. त्याला खेळाची काही फार हौस नव्हती. मी जिथे उभं कर म्हणालो तिथे तो उभा राहायचा.

नानाला ऐकू येत नव्हतं. डावा कान पूर्ण गेलेला, उजव्यात थोडं होतं. हे घरात कसं कळलं ते आठवतं. माय चुलीपाशी कळण्याची भाकरी थापत होती, तिने पाठमोऱ्या नानाला तीनदा हाक मारली आणि तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. मायने पिठाचा हात त्याच्या पाठीवर ठेवला तेव्हा तो दचकला. पांढरा पंजा उठला होता निळ्या शर्टावर. खात्यात कोणाला पत्ता लागला नाही, कारण खात्यात बहिरा आणि ऐकणारा सारखेच. तो ओठ इतके छान वाचायचा की समोरचा हिंदी बोलो, गुजराती बोलो, नाना बरोबर मान हलवायचा. अडचण व्हायची ती शांत जागी. देवळात, लग्नात, दवाखान्यात. मैदानात पंचाने शिट्टी मारली तरी नाना बॉल घेऊन पळत राहायचा, पोरं हसायची, नानासुद्धा हसायचा. लोक समजायचे, भोळा आहे.

प्लेग आला त्याच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. त्या वर्षी नानाचं लग्न जमत आलं होतं. मुलगी मंगल, वडील नसलेली, मामाकडे वाढलेली. मामा म्हणजे निंबा मामा, कामरेजला पोह्याच्या मिलमध्ये मुकादम. मूळचे आमच्याच भागातले. नानाने मंगलला एका हळदीत बघितलं होतं. तिने त्याला ताट देताना काहीतरी विचारलं, त्याने ओठ वाचून बरोबर उत्तर दिलं, आणि घरी येऊन मला ते उत्तर दोनदा सांगितलं. "तिनी इचारं, भाजी तिखट शे का? मी म्हनं, नही, बरोबर शे." एवढंच. पण ते सांगताना त्याचा चेहरा मी आधी कधी तसा बघितला नव्हता. अठ्ठावीसचा झाला होता तो. आमच्यात तेव्हा तेवढ्या वयाला दोन पोरं असायची. आमच्या दोघांसाठी राबता राबता त्याचं राहून गेलं होतं.

मामांनी निरोप पाठवला की रविवारी येतो, मुलाला बघतो, सुपारी फोडून टाकू. रविवारी आमची फायनल होती, सुरतेबाहेरच्या सचिन गावातल्या खात्यातल्या पोरांशी. नाना म्हणाला, मी खेळत नाही. मीच हट्ट केला. म्हटलं, मामांना मैदानावरच बोलवू, भाऊ कसा मर्द गडी आहे ते बघू दे, तिथून घरी जेवायला आणू. मायने खापरावरचे मांडे करायचं ठरवलं. पुरण वाटता वाटता ती नानाच्या समोर बसली, त्याला दिसेल असं तोंड करून म्हणाली, "नाना, कानंनं काही बोलू नको. लगीन व्हऊ दे, मंग सांगजो."

"नही माय," नाना म्हणाला. "फसाडीसन पोर आननी नही. जेवन व्हयनं का मामाले मी सोता सांगसू."

"आनि त्या उठी गयात तं?"

"जातीन तं जातीन. पन मना तोंडथून आयकीसन जातीन."

माय बराच वेळ वरवंटा फिरवत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तरी गप बसजो." मी म्हटलं, "मी कसाले सांगू?" आणि मला खरंच राग आला, की हिला माझ्यावर एवढाही भरवसा नाही.

मैदान म्हणजे गोडादऱ्याच्या पुढची पडीक जमीन, एका बाजूला ऊस. आता तिथे साड्यांचं मार्केट आहे आणि वरती फ्लॅट. मी कधी त्या रस्त्याने गेलो तर मान खाली घालून जातो. त्या दिवशी मात्र माझी मान ताठ होती. दोनशे-तीनशे माणूस जमलं होतं, खान्देशी, ओडिया, यूपीवाले, सगळे. मामा पांढरं धोतर, वर कोट, टोपी, अशा थाटात कैलासभाईशेजारी बाकड्यावर बसले. नाना जाऊन त्यांच्या पाया पडला. मामांनी त्याच्या दंडावर थाप मारली. "गडी मजबूत शे," ते म्हणाले. नाना लाजला.

पहिल्या अर्ध्यात आम्ही जे खेळलो ते सुरतेत तोवर कोणी खेळलं नसेल. हे मी फुशारकीने सांगत नाही. सचिनच्या पोरांना कळेचना की कोणाला धरायचं. डावीकडून एक पळतोय, उजवीकडून एक पळतोय, मधून तिघे. दोन गोल आम्ही केले. त्यांनी बॉल पळवला की मी वळून हात वर करायचो, नाना आणि रामदास पुढे यायचे, आणि त्यांचा पुढचा गडी, लाल बनियनवाला, बुटका आणि वाऱ्यासारखा, तो एकटाच मागे ऑफसाइड सापडायचा. चार वेळा सापडला. पाचव्या वेळी रामदास चिखलात घसरला म्हणून एक गोल गेला. दोन-एक. मधल्या सुट्टीत कैलासभाई माझ्याजवळ आला. "बस हो गया," तो म्हणाला. "अब दो आदमी पीछे ले. तीन लड़के आगे बहुत हैं."

"पीछे? अपना खेल आगे का है."

"सुपडू, जीत रहा है तू. अब बचा ले."

रामदासही म्हणाला, ऐक त्याचं. जेवढे जास्त लोक मला मागे ये म्हणाले तेवढा मी पुढे गेलो. हा माझा स्वभाव, तो अजून तसाच आहे, माझी बायको सांगेल. मला तिसरा गोल हवा होता, आणि तो मला स्वतःला मारायचा होता, मामांच्या समोर, त्या तीनशे लोकांच्या समोर. मी मधली जागा सोडली आणि सहावा होऊन पुढे जाऊन उभा राहिलो. मागे दोन, मधे दोन, पुढे सहा. अशी मांडणी कैलासभाईच्या बॉबिनीत नव्हती. मीच शोधून काढली.

आणि मी पुढे गेलो म्हणजे काय झालं? हात वर करणारा तिथे राहिला नाही. मधल्या दोघांनाही सांगायचं मला सुचलं नाही, सगळी नजर समोरच्या गोलकडे. एवढा मोठा डाव मांडला, पण माझ्या मागे माझा भाऊ उभा आहे आणि त्याला माझा हातच काय तो दिसतो, हे मी विसरलो. विसरलो असंही म्हणवत नाही. तेवढ्या वेळापुरतं मला त्याचं काही पडलं नव्हतं, असं म्हणणं खरं.

दोनदा बॉल गेला. दोन्ही वेळा मी पुढूनच ओरडलो, "चला! वर या!" रामदासने ऐकलं, तो पुढे पळाला. नानाने ऐकलं नाही, तो होता तिथेच राहिला, गोलच्या तोंडाशी, हात पसरून, माझ्या दिशेने बघत. तो मागे राहिला म्हणून लाल बनियनवाला ऑफसाइड होईना. बॉल त्याच्याकडे आला, नाना एकटा त्याच्या अंगावर गेला, त्याने नानाला एका बाजूला काढलं आणि गोल. पुन्हा तसंच. दुसऱ्या वेळी नाना त्याच्यामागे असा पळाला की पडला, गुडघा फुटला, तरी रांगत गोलपर्यंत गेला. दोन-तीन. थोड्याच वेळात पंचाने लांब शिट्टी मारली. संपलं. नाना एकटाच बॉल मैदानात आणून मधोमध ठेवत होता, पुन्हा सुरू करायला.

लोक माझ्याभोवती जमले. कोणी म्हणे, कसला कॅप्टन रे, पोरं सगळी पुढे पाठवली. कोणी म्हणे, घरात चोर शिरू दिला आणि स्वतः वरातीत नाचतोय. हसत होते. एक ओडिया म्हातारा हाताने पंखा करून म्हणाला, "आँधी आयी, अपना ही छप्पर ले गयी," आणि सगळे खिदळले. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मामा बाकड्यावरून उठून तिथे आले होते, मला दिसत होते, चार हातांवर. दिसत नव्हते असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. दिसत होते.

"मेरी चाल में कोई गलती नहीं!" मी ओरडलो. "चाल बराबर थी! ये मेरा भाई बहिरा है! इसको कान ही नहीं, सुनाई नहीं देता इसको! मैं क्या करूँ?"

हसणं बंद झालं. मला वाटलं, पटलं यांना. एवढा मूर्ख मी.

नाना लांब होता. त्याने सगळे त्याच्याकडे वळून बघताना बघितले. माझं तोंड त्याला त्या गर्दीत नीट दिसलं नसावं. त्याने रामदासला हाताने विचारलं, काय म्हणतोय तो? रामदासने खाली बघितलं आणि बुटाची नाडी सोडायला बसला. मग नाना लंगडत माझ्याकडे आला आणि माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे भाऊ. हारनूत तं हारनूत. चाल तुनी चांगली व्हती."

त्याच्या गुडघ्याचं रक्त पिंढरीवरून मोज्यात उतरत होतं. आज तीसेक वर्षं झाली, पण त्या हाताचं वजन अजून मानेवर आहे, आणि ते मला लिहितानाही सहन होत नाही.

मामांना तो म्हणाला, "मामा, चला जेवाले. मायनी मांडा करेल शेतस." मामांनी त्याच्याकडे बघितलं, तोंड त्याच्यासमोर नीट धरून, सावकाश म्हणाले, "आज नही रे बाबा. काम निंघनं." आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून ते बस पकडायला निघून गेले. माझ्याशी बोलले नाहीत. घरी येताना नानाने मला विचारलं, मामा का गेले असतील? मी म्हटलं, माले काय मालूम. माय दारात उभी होती, हाताला तूप. आमच्या मागे कोणी नाही हे बघून ती आत गेली आणि तिने खापर चुलीवरून उतरवलं. मांडे आम्ही तिघांनी खाल्ले. मी तीन खाल्ले. हेही लिहून ठेवतो.

आठ दिवसांनी नकार आला, एका ओळखीच्या माणसाच्या तोंडी, कारण काही सांगितलं नाही. त्याच आठवड्यात रामदासने नानाला सांगून टाकलं की मैदानावर मी काय ओरडलो होतो. नाना पाळीवरून आला तेव्हा मी खाटेवर पडून होतो. मी उठून बसलो, मार खायची तयारी ठेवून. त्याने आपल्या डब्याचं फडकं धुतलं, वाळत घातलं. मग म्हणाला, "खरंच तं सांगं तू. मी सांगनारच व्हतू." आणि आंघोळीला गेला. मारलं असतं तर बरं झालं असतं. माय मात्र माझ्याशी त्या महिन्यात बोलली नाही. भाकरी समोर ठेवायची, नाव घ्यायची नाही.

नानाचं लग्न झालं, चार वर्षांनी. वहिनी भली आहे, दोन मुलं आहेत, एकाने त्याला कानाचं मशीन आणून दिलं, ते तो घालत नाही. पण त्या हिवाळ्यानंतर नानाला एक सवय लागली. कोणीही नवा माणूस भेटला, लग्नात, रेशनच्या लाइनीत, की नाव सांगायच्या आधी तो म्हणतो, "माले ऐकू येत नही बरं." हसून म्हणतो. वहिनीला बघायला गेला तेव्हाही दारातूनच हे म्हणत आत गेला. लोकांना त्याचं कौतुक वाटतं, किती मोकळा माणूस. मी तिथे असलो तर उठून बाहेर जातो.

कारण मला माहीत आहे. नकार आल्यावर महिनाभराने मी कोणालाही न विचारता सुट्टीच्या दिवशी कामरेजला गेलो होतो. मिलच्या आवारात पोह्यांचा गरम वास, सगळीकडे भुसा उडालेला. मामा पोती मोजत होते, त्यांनी मला ओळखलं, बस म्हणाले, चहा सांगितला. मी काय बोलायचं ते वाटेत पाठ करून आलो होतो. आणि बोललो काय? आधी सांगू लागलो की पाच पुढे ठेवण्यात चूक नव्हती. मामा ऐकत राहिले. मग मी म्हटलं, नानाचा कान तेवढा खराब नाही, समोरून बोललं तर सगळं समजतं, पोरीला काही त्रास होणार नाही.

"कान कोना धड शे आठे?" मामा म्हणाले. "मना बी एक मिलमा गया. कानंनं काही नही. मंगल बी माले म्हने, मामा, तेस्ले कमी ऐकू येस, माले हळदमाच समजनं. तिले चालनार व्हतं."

मी विचारलं, मग नाही का म्हटलं?

"पन जो भाऊ भाऊनं न्यून गावले वरडीसन सांगस, सोतानी इज्जतसाठे, त्या घरमा मी बिनबापनी पोर कशी दिऊ? उद्या तिनं काही चुकनं, तं तू तेबी असंच सांगशी." ते रागावले नव्हते. पुन्हा पोती मोजायला वळले. "तुना भाऊले सांगजो, मामानी सांगेल शे. त्यानामा काहीच खोट नही."

परत येताना बसमध्ये मी ठरवलं की घरात पाय ठेवला की सांगायचं, जसंच्या तसं. ठरवलं होतं, खोटं नाही बोलत. खोलीत माय चुलीपाशी होती आणि नाना पाळीला निघायच्या तयारीत, शर्टाची बटणं लावत. मी कुठून आलो ते त्याला माझ्या कपड्यांवरच्या भुशावरून कळलं. महिनाभराने माय पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "काय म्हने मामा?"

नाना बटण धरून थांबला आणि माझ्या ओठांकडे बघू लागला.

"कानमुळेच," मी म्हटलं. सावकाश म्हटलं, तोंड नीट उघडून, त्याला चुकू नये म्हणून.

नानाने मान हलवली, वरचं बटण लावलं, डबा घेतला आणि गेला.